लेझर हॅचिंगचं वेगळं बिल कशासाठी?

आयव्हीएफच्या कागदपत्रांमध्ये बऱ्याचदा एक पान असं असतं, ज्यावर मूळ उपचार नसतोच. उपचाराला जोडून घेता येतील अशा गोष्टींची ती यादी असते. टाइम-लॅप्स इन्क्युबेटर, एंडोमेट्रियल स्क्रॅचिंग, एम्ब्रियो ग्लू, आणि त्यातच कुठेतरी लेझर असिस्टेड हॅचिंग, म्हणजे भ्रूणाच्या आवरणाला लेझरने छिद्र पाडणं. प्रत्येकासमोर टिक करायला एक चौकट आणि शेजारी रक्कम. हे पान हातात येतं तेव्हा बाईचं पोट इंजेक्शनांनी दुखत असतं, आधीची एखादी सायकल, म्हणजे उपचाराची एक पूर्ण फेरी, वाया गेलेली असते आणि नवरा-बायको दोघंही एकाच गोष्टीला घाबरत असतात: उद्या रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर 'आपण तेवढं करून घ्यायला हवं होतं' असं वाटत राहील. त्या भीतीपोटी टिक केली जाते. त्या जोडप्याला मी कधीच दोष देणार नाही. माझं म्हणणं त्या चौकटीबद्दल आणि तिच्या शेजारच्या रकमेबद्दल आहे.

असिस्टेड हॅचिंगमुळे जिवंत बाळ जन्माला येण्याची शक्यता वाढते, हे तीस वर्षांहून अधिक काळ अभ्यास होऊनही सिद्ध झालेलं नाही. जे सिद्ध झालेलं नाही, त्याचे वेगळे पैसे उपचार घेणाऱ्यांकडून घेतले जाऊ नयेत.

आधी ही भानगड नेमकी काय आहे ते पाहू. स्त्रीबीजाभोवती झोना पेल्युसिडा नावाचं पारदर्शक आवरण असतं, ग्लायकोप्रोटीनचं, साधारण 15 मायक्रॉन जाडीचं. ते निरुपयोगी साल नव्हे. शुक्राणू आधी याच आवरणाला चिकटतो, आणि एक आत शिरला की हेच आवरण घट्ट होऊन बाकीच्यांना अडवतं. पुढचे काही दिवस भ्रूणाच्या सुट्या सुट्या पेशी ते एकत्र धरून ठेवतं, आणि गर्भनलिकेतून जाताना भ्रूण वाटेतच चिकटणार नाही याचीही काळजी घेतं. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्टच्या अवस्थेला पोचतो. त्याच्या आतल्या पोकळीत द्रव भरत जातो, तो फुगतो, थोडा आक्रसतो, पुन्हा फुगतो. आवरण ताणून पातळ होतं, त्याला विरघळवणारी काही एन्झाइम्स मदतीला येतात, एका ठिकाणी फट पडते आणि भ्रूण हळूहळू बाहेर सरकतो. त्यानंतरच तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू शकतो.

असिस्टेड हॅचिंग म्हणजे ही फट आपण आधीच पाडून ठेवायची. पूर्वी काचेच्या सूक्ष्म सुईने आवरणाला चीर देत, किंवा आम्लधर्मी टायरोड द्रावणाची बारीक धार सोडून तेवढा भाग विरघळवत. आता बहुतेक ठिकाणी लेझर वापरतात. मायक्रोस्कोपखाली, तेलाच्या थराखालच्या माध्यमाच्या (भ्रूण ज्यात वाढवतात त्या द्रवाच्या) एका थेंबात भ्रूण असतो आणि तो समोरच्या स्क्रीनवर दिसत असतो. आतल्या पेशी आवरणाला टेकलेल्या नाहीत अशी जागा एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे प्रयोगशाळेतली भ्रूणतज्ज्ञ, शोधते, स्क्रीनवरची खूण त्या जागेवर आणते आणि 1,480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या इन्फ्रारेड लेझरचा एक पल्स देते. तो मिलिसेकंदांत संपतो. आवरणात बारीकशी खाच दिसते. आणखी दोन-तीन पल्स दिले की आरपार छिद्र पडतं, किंवा ठरवलं असेल तर तेवढा भाग फक्त पातळ केला जातो. डिश परत इन्क्युबेटरमध्ये जाते. सगळं काही मिनिटांत आटोपतं. हाताला सवय असलेल्या माणसासाठी हे नाजूक असलं तरी अवघड काम नाही, आणि ते सर्रास होऊ लागण्याचं एक कारण हेही आहे.

या कल्पनेचा उगम प्रामाणिक निरीक्षणात आहे. शुक्राणूला आत शिरायला मदत व्हावी म्हणून एके काळी स्त्रीबीजाच्या आवरणाला चीर देत असत. अशा चीर दिलेल्या बीजांपासून झालेले भ्रूण जास्त प्रमाणात रुजतात असं जॅक कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि 1990 मध्ये त्यांनी ते मांडलं. प्रयोगशाळेत वाढलेल्या भ्रूणाचं आवरण कडक होत असावं, त्यामुळे त्याला बाहेर पडता येत नसावं, हा त्यांचा तर्क. 1992 मध्ये त्यांनी पुढचे निष्कर्ष मांडले, पण तेव्हाही भर निवडक वापरावर होता: ज्या भ्रूणांकडून फारशी आशा नाही, त्यांच्यासाठी. म्हणजे ज्यांनी ही पद्धत आणली, त्यांनी ती सरसकट सगळ्यांसाठी सुचवलेली नव्हती. ती सरसकट झाली नंतर.

हा तर्क ऐकताक्षणी पटतो, आणि माझ्या मते अडचण तिथूनच सुरू होते. अंड्याचं कवच फोडून बाहेर येणारं पिल्लू सगळ्यांनी पाहिलेलं असतं. 'कवच कडक आहे, पिल्लाला फुटत नाही, आपण जरा टिचकी मारू' हे समजायला जीवशास्त्र लागत नाही. पण झोना हे अंड्याचं कवच नव्हे. ते ताणलं जातं, पातळ होतं, आणि भ्रूण धडधाकट असेल तर बहुधा तो त्यातून आपला मार्ग काढतोच. शिवाय एक गोष्ट समुपदेशनाच्या खोलीत क्वचितच बोलली जाते. भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर तो आवरणातून बाहेर पडला की नाही, हे कोणालाच दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी नाही, रक्ततपासणी नाही, काहीच नाही. 'तुमचा भ्रूण आवरणातून बाहेर आलाच नाही, म्हणून मागची सायकल फसली' असं कोणी सांगितलं तर ते निदान नव्हे, अंदाज आहे. ज्या बिघाडाचं निदान कोणत्याही एका बाईच्या बाबतीत करता येत नाही, त्यावरचा इलाज तिला नेमका लागू पडतो आहे असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

म्हणून एकेका बाईकडे न पाहता मोठ्या गटांकडे पाहावं लागतं. काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने हॅचिंग द्यायचं, काहींना द्यायचं नाही, आणि शेवटी किती जणींच्या हातात बाळ आलं ते मोजायचं. असे अभ्यास झालेत आणि ते थोडेथोडके नाहीत. कॉक्रेन या संस्थेने 2021 मध्ये घेतलेल्या आढाव्यात असे 39 अभ्यास आणि 7,249 स्त्रिया होत्या. त्यातून काय निघालं, ते सावकाश वाचायला हवं.

क्लिनिकल प्रेग्नन्सी, म्हणजे सोनोग्राफीत दिसणारी गर्भधारणा, हॅचिंगच्या गटात किंचित जास्त आढळली. माहितीपत्रकांत येतं ते हेच वाक्य, आणि ते खोटं नाही. पण त्याच आढाव्यात जिवंत बाळाच्या जन्माचा हिशेब वेगळा आहे. 39 पैकी फक्त 14 अभ्यासांनी तो आकडा दिला होता. त्या 14 अभ्यासांतल्या 2,849 स्त्रियांचा एकत्र विचार केल्यावर निष्कर्ष असा: हॅचिंगशिवाय 100 पैकी 28 जणींना बाळ होत असेल, तर हॅचिंग केल्यावर तो आकडा साधारण 27 ते 34 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे थोडा फायदा असेल, काहीच नसेल, अगदी किंचित तोटाही असेल. पुराव्याचा दर्जाही आढावा घेणाऱ्यांनी कमी ठरवला, कारण कोणाला कोणत्या गटात टाकलं ते कसं ठरवलं, हेच कित्येक अभ्यासांनी नीट लिहिलेलं नव्हतं.

39 आणि 14 या दोन आकड्यांमधल्या फरकाने मी अस्वस्थ होतो. वंध्यत्वावरच्या उपचाराचा अभ्यास करायचा आणि बाळ झालं का हेच सांगायचं नाही, हे कसं चालतं? कारणं समजू शकतात. नऊ महिने थांबावं लागतं, बायका दुसऱ्या गावी जातात, संपर्क तुटतो, अभ्यासाचा निधी संपतो. पण ज्या बाईने त्या अभ्यासात भाग घेतला, तिच्यासाठी सहाव्या-सातव्या आठवड्यातली सोनोग्राफी हा शेवट नव्हता. तिला बाळ हवं होतं. मोजायला सोपं ते मोजलं गेलं आणि जे हवं होतं ते बाजूला राहिलं. पुढे तेच सोपं मोजमाप 'सक्सेस रेट' म्हणून छापलं गेलं.

हा 2021 चा आढावा काही नवाच निकाल घेऊन आला नाही. त्याच संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात 31 अभ्यास होते आणि चित्र असंच होतं: गर्भधारणेत जेमतेम वाढ, जिवंत जन्मात फरक नाही. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की असिस्टेड हॅचिंगची शिफारस नाही, कारण गर्भधारणेचं प्रमाण त्याने वाढतं असं दिसलेलं नाही. तिथल्या एचएफईए या नियामक संस्थेने अशा जोड-उपचारांना सिग्नलच्या दिव्यांसारखे रंग द्यायला सुरुवात केली, तेव्हा हॅचिंगला लाल रंग मिळाला. अमेरिकेतली एएसआरएम ही प्रजनन-वैद्यकाची संस्थाही ताज्या भ्रूणांच्या सायकलमध्ये त्याने जिवंत जन्म लक्षणीय वाढत नाहीत असं म्हणते, आणि ज्यांना यशाची आशा कमी किंवा ज्यांचे भ्रूण फ्रीझ केलेले, त्यांच्या बाबतीत पुरावा अपुरा आहे असं सांगते. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्या या संस्था आहेत. सगळ्यांचं म्हणणं मात्र जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबतं.

सगळे जोड-उपचार एकाच मापाने मोजायचे असं माझं म्हणणं नाही. हायलुरोननयुक्त माध्यम, ज्याला एम्ब्रियो ग्लू म्हणतात, त्याबद्दलचा पुरावा मध्यम दर्जाचा का होईना, पण जिवंत जन्म वाढत असल्याच्या बाजूने आहे. यादीतल्या काही गोष्टींना आधार आहे, काहींना नाही, आणि पानावर मात्र सगळ्यांना सारखीच चौकट मिळते. वाचणाऱ्याला हा फरक कळायला काही मार्गच ठेवलेला नसतो.

आता डॉक्टरांच्या अनुभवाकडे येऊ. 'आकडे काहीही म्हणोत, आमच्याकडे हॅचिंगने रिझल्ट आलेत,' हे वाक्य मी मनापासून बोलणाऱ्या डॉक्टरांकडून ऐकलं आहे आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण समजा, हॅचिंगचा परिणाम शून्य आहे आणि 100 जोडप्यांनी ते करून घेतलं. प्रत्येकीची बाळ होण्याची शक्यता 30 टक्के धरली, तरी त्यांतल्या 30 जणींना बाळ होणारच. आधीच्या दोन सायकल फसल्यानंतर, हॅचिंग केलेल्या तिसऱ्या सायकलमध्ये. त्या 30 घरांत पेढे वाटले जातील, बाळाचे फोटो क्लिनिकच्या भिंतीवर लागतील, आणि प्रत्येक आई खरोखर विश्वासाने सांगेल की लेझरमुळे झालं. उरलेल्या 70 जणी काही सांगायला येणार नाहीत. डॉक्टरांच्या आठवणीत काय उरेल, ते उघड आहे. शिवाय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भ्रूण वाढवायचं माध्यम सुधारलं, भ्रूण सावकाश गोठवण्याच्या पद्धतीची जागा व्हिट्रिफिकेशनने, म्हणजे झटकन गोठवण्याच्या पद्धतीने घेतली, पाचव्या दिवसापर्यंत भ्रूण वाढवणं सवयीचं झालं. यश वाढलं ते यांतल्या कशामुळे, हे एका क्लिनिकच्या वहीतून वेगळं काढता येत नाही. त्यासाठीच तर चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास लागतात.

अमेरिकेतल्या 2000 ते 2010 या काळातल्या नोंदींवरही एक मोठा अभ्यास झाला. त्यात हॅचिंग केलेल्या सायकलमध्ये जिवंत जन्माचं प्रमाण जास्त नव्हतं, उलट कमी दिसलं. यावरून हॅचिंगने नुकसान होतं असं मी म्हणणार नाही. ज्यांची अवस्था मुळात कठीण, त्यांनाच हॅचिंग जास्त दिलं गेलं असणार, आणि नोंदींच्या अभ्यासात हा गुंता पूर्ण सुटत नाही. पण रोजच्या वापरात त्याचा ठसठशीत फायदा होत असता, तर इतक्या मोठ्या नोंदींत त्याची काही खूण दिसायला हवी होती.

'फायदा नसेल तर नसेल, तोटा तर काही नाही ना?' हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा कानावर येतो, आणि सर्वांत जास्त विचार मला याच प्रश्नाचा करावासा वाटतो.

तोटा आहे. त्याच 2021 च्या आढाव्यात हॅचिंगच्या गटात एकाहून अधिक बाळांच्या गर्भधारणा जास्त होत्या. हॅचिंगशिवाय 100 पैकी 9 असतील, तर हॅचिंगमध्ये 10 ते 14. जुन्या अभ्यासांत एकाच वेळी दोन-तीन भ्रूण सोडत, त्यामुळे हे सगळं हॅचिंगच्याच माथी मारता येत नाही. पण एका विशिष्ट शक्यतेकडे डोळेझाक करता येत नाही. अरुंद छिद्रातून बाहेर सरकताना भ्रूण मध्येच चिमटला जाऊन त्याचे दोन भाग होऊ शकतात, आणि मग एका भ्रूणापासून एकसारखी जुळी तयार होतात. काही अभ्यासांना हॅचिंगनंतर अशी जुळी जास्त आढळली, काहींना नाही. तरी अशी जुळी म्हणजे काय, हे बाळाची वाट पाहणाऱ्यांना माहीत असायला हवं. बहुतेकदा त्या दोघांची वार एकच असते. अशा गर्भधारणांपैकी 10 ते 15 टक्क्यांमध्ये एका बाळाकडून दुसऱ्याकडे रक्त जाण्याचा असमतोल होतो, आणि वेळीच उपचार झाला नाही तर दोन्ही बाळं हातची जाऊ शकतात. मुदतपूर्व प्रसूती, एनआयसीयूतले आठवडे, आईचं रक्तदाबाचं दुखणं, हे वेगळंच. जुळी म्हणजे एका खर्चात दोन बाळं असा आनंद बरेच जण मानतात, पण प्रसूतितज्ज्ञ तसं मानत नाहीत. एकच भ्रूण सोडण्याचा आग्रह आज धरला जातो तो ही जोखीम टाळण्यासाठी. एका हाताने ती टाळायची आणि दुसऱ्या हाताने, फायदा सिद्ध नसताना, ती किंचितशी का होईना पुन्हा आत घ्यायची, याला काय म्हणावं?

सुरुवातीच्या काळात हॅचिंग करताना बाईला काही दिवस स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक द्यायची पद्धत होती. आवरणाला छिद्र पाडलं की आतल्या पेशींचं जंतूंपासून आणि बाईच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींपासून असलेलं संरक्षण जातं, ही त्यामागची काळजी. म्हणजे ते आवरण काहीतरी काम करतं, हे छिद्र पाडणाऱ्यांनाही मान्य होतं. एक जोड-उपचार आपल्यासोबत आणखी दोन औषधं कशी घेऊन येतो, त्याचंही हे उदाहरण आहे.

पैशाचा तोटा तर सरळच आहे. आयव्हीएफमध्ये बाळ होण्याची शक्यता वाढवणारी एक गोष्ट निर्विवाद आहे, ती म्हणजे आणखी एक सायकल करता येणं. पहिल्या सायकलला न जमलेल्या कित्येकींना दुसऱ्या-तिसऱ्या सायकलमध्ये बाळ होतं. पण खर्च झेपेना म्हणून, किंवा मन थकलं म्हणून, कितीतरी जोडपी मध्येच थांबतात. चौकटींवर टिक करत करत जो पैसा संपतो, तो याच पुढच्या सायकलचा पैसा असतो. हॅचिंगचा, स्क्रॅचिंगचा, आणखी कशाचा मिळून होणारा खर्च कुणासाठी तरी एक फ्रोझन ट्रान्सफर, म्हणजे गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा आणखी एक प्रयत्न, ठरू शकला असता.

उरतो तो खरा कठीण मुद्दा. ठीक आहे, सगळ्यांना नको. पण वय 38 च्या पुढे आहे, सायकल वारंवार फसल्यात, आवरण जाड दिसतंय, अशांना तरी द्यावं की नाही? युक्तिवाद समजण्यासारखा आहे, पण तोही पुराव्यावर टिकत नाही. वय वाढतं तसं भ्रूणातल्या गुणसूत्रांच्या चुका वाढतात. चाळिशीनंतर तपासलेल्या भ्रूणांपैकी निम्म्याहून जास्त भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. असे बहुतेक भ्रूण रुजत नाहीत, किंवा रुजले तरी टिकत नाहीत. आवरणाला पाडलेलं छिद्र त्या गुणसूत्रांपर्यंत पोचत नाही. 40 वर्षांच्या बाईला 'आवरण कडक झालंय, लेझर मारू' असं सांगितलं जातं, तेव्हा जे कारण सर्वांत मोठं आहे ते बोलायचं राहून जातं. ते बोलणं जड असतं हे मला कळतं. लेझरबद्दल बोलणं सोपं असतं, त्यात करण्यासारखं काहीतरी असतं. पण तिला ठरवायचं असतं की स्वतःच्याच बीजांवर आणखी प्रयत्न करायचे, दात्याच्या बीजाचा विचार करायचा, की थांबायचं. त्या निर्णयासाठी तिला खरं कारण माहीत असायला हवं. आणि वारंवार अपयश आलेल्यांचा गट काही एकसंध नसतो. कुणाचं कारण भ्रूणात, कुणाचं गर्भाशयात, कुणाचं सापडतच नाही. त्या सगळ्यांना एकच लेझर लागू पडेल, अशी अपेक्षा ठेवायला आधार नाही.

फ्रीझ केलेल्या भ्रूणांबद्दल मात्र मी दार बंद करत नाही. गोठवण्याने आवरण कडक होतं हा तर्क इथे जास्त जवळचा वाटतो, आणि काही अभ्यासांत गर्भधारणा थोडी वाढलेली दिसलीही आहे. पण झालेल्या अभ्यासांपैकी बरेच जुन्या पद्धतीने गोठवलेल्या, तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणांवरचे आहेत. आज बहुतेक ठिकाणी पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट व्हिट्रिफिकेशनने गोठवतात आणि एकच सोडतात. आजच्या या पद्धतीवर, पुरेशा मोठ्या गटात, शेवटचा आकडा एका निरोगी बाळाच्या जन्माचा धरून अभ्यास व्हावा. ज्यांना हॅचिंगवर विश्वास आहे, त्या डॉक्टरांनीच तो करायला पुढे यावं. त्यात भाग घेणाऱ्यांकडून हॅचिंगचा एक पैसाही घेऊ नये, कारण उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नासाठी त्या बायका आपलं शरीर आणि आपली सायकल देत असतात.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट सांगतो. भ्रूणाची जनुकीय तपासणी करायची असते तेव्हा पेशी काढण्यासाठी आवरणाला सहसा लेझरने छिद्र पाडावं लागतं. तो त्या तपासणीचा भाग आहे, आणि ती तपासणी करावी का हा वेगळा वाद आहे. माझा आक्षेप 'चान्स वाढेल' असं सांगून विकल्या जाणाऱ्या हॅचिंगला आहे. मात्र जिथे तपासणीसाठी लेझर आधीच आणलेला असतो, तिथे तो जास्तीत जास्त वापरला जावा असा दबाव आपसूक तयार होतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. यंत्र महाग असतं आणि ते उभं राहून कुणालाच परवडत नाही. त्याची वसुली त्या चौकटीतून होते.

'मग पेशंटला निवड करू द्या ना, तिचा पैसा, तिचा निर्णय' असंही म्हटलं जातं. निवड तिचीच असावी, याबद्दल दुमत नाही. पण निवड करायची तर समोर काय आहे ते दिसायला हवं. आज तिच्यासमोर येतं एक नाव, एक चौकट, एक रक्कम आणि 'बहुतेक जण करून घेतात' असं मऊ आवाजातलं वाक्य. एका मैत्रिणीने मला असं पान दाखवलं होतं. हॅचिंगपुढे छापलं होतं, 'रुजण्यास साहाय्य करते.' इतकंच. जिवंत जन्माबद्दल एक शब्द नाही, जुळ्यांबद्दल एक शब्द नाही. तिने काउन्सेलरला विचारलं की याने बाळ होण्याची शक्यता किती वाढते, तर उत्तर आलं, 'मॅडम, आम्ही आमच्याकडून काही कमी ठेवत नाही.' त्या उत्तरात तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि तरीही तिने सही केली. तिच्या जागी मी असतो तर मीही केली असती. इतक्या दडपणाखाली केलेल्या सहीला माहितीपूर्ण संमती म्हणणं हे त्या शब्दांना आणि त्या बाईला, दोघांनाही न्याय देत नाही.

म्हणून माझी मागणी नियामकांकडे आणि डॉक्टरांच्या संघटनांकडे आहे. उपचार घेणाऱ्यांनी अभ्यास वाचून शहाणं व्हावं, असं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. ज्यांच्या हातात मायक्रोस्कोप आहे, आकडे आहेत आणि बिलाचं पुस्तकही आहे, पुरावा देण्याचं ओझं त्यांनीच उचलायला हवं. जोड-उपचाराच्या प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी छापणं सक्तीचं व्हावं: याने जिवंत बाळाच्या जन्माचं प्रमाण वाढतं हे सिद्ध झालंय का, आणि याची माहीत असलेली जोखीम कोणती. गर्भधारणेचा आकडा जन्माच्या जागी वापरायला बंदी असावी. एखाद्या एम्ब्रियोलॉजिस्टला एखाद्या भ्रूणाकडे पाहून छिद्र पाडावंसं वाटलं, तर तो तिच्या कामातला निर्णय समजावा. माध्यम कोणतं घ्यायचं, डिश कधी बदलायची, हे ती रोज ठरवते आणि त्याचं वेगळं बिल कोणी लावत नाही. हॅचिंगही तसंच व्हावं. त्याच्या शेजारची रक्कम गेली की ते किती जणींना खरोखर सुचवलं जातं, हे वर्षभरात आपोआप दिसून येईल.

संमतीपत्रावरच्या त्या ओळीचा मजकूर फार लांब असण्याची गरज नाही. 'या प्रक्रियेने जिवंत बाळाच्या जन्माची शक्यता वाढते असं आजवर सिद्ध झालेलं नाही. एकाहून अधिक बाळांच्या गर्भधारणेचा धोका थोडा वाढू शकतो. ती करून घेतली नाही म्हणून तुमच्या उपचारात काही उणं राहत नाही.' यातलं तिसरं वाक्य मला सर्वांत गरजेचं वाटतं, कारण नकार देताना तिला त्याचाच आधार लागणार आहे.